कोको, केळं आणि ऐनपूरची बस

कोको म्हणजे चॉकलेट असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या आरोग्य उपकेंद्रातून मिळणारा कोको पिऊन बघावा. तोंड असं वाकडं होतं की घरचे ओळखणार नाहीत. कडुलिंब परवडला! वर जीभ टाळूला चिकटून बसते ती वेगळीच. आणि हा कारभार रोज सकाळी, न चुकता. त्या कडू घोटापायी काय काय झालं तेच सांगायला बसलेय. मध्ये बोलू नका.

मी कोकिळा वायकोळे, राहणार सुकीपूर, तालुका रावेर. वय बहात्तर. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. निवृत्त झाले, घरी बसले आणि पंधरवड्यात भिंती खायला उठल्या. नशीब माझं की तेवढ्यात बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या. गाडी आपली आपण चालते, वळते, म्हशी आडव्या आल्या तर थांबते. सगळं छान, पण आमच्याकडची माणसं त्यात चढेनात. ड्रायव्हरची जागा रिकामी बघून बायका कानाला हात लावायच्या आणि मागच्या मागे उतरायच्या. मग वरच्यांच्या डोक्यात उजेड पडला. गाडीला माणूस नको असेल, पण माणसांना माणूस लागतो. प्रत्येक गाडीवर एक सोबती नेमायचं ठरलं आणि रावेर–ऐनपूर गाडीवर मी लागले.

काम सोपं. तिकीट कापायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. कोण चढलं, कुठे उतरणार, कोणाला हात द्यायचा, कोणाला दवाखान्यासमोर हाक मारायची, एवढं ध्यानात ठेवायचं.

गाडीत पुढच्या सीटवर रोज सुभानभाऊ बसायचे. सुभान तडवी, माझे जुने ड्रायव्हर. आम्ही दोघांनी एकाच गाडीवर किती वर्षं काढली त्याचा हिशेब नाही. आता त्यांना काही काम नव्हतं, पण सवय जाते का? समोर ना ब्रेक ना क्लच, तरी वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. मी म्हणायचे, "भाऊ, पत्रा फाटेल." ते म्हणायचे, "मॅडम, या गाडीले काही अक्कल नाही, तुमी बोलू नका."

एवढं ध्यानात ठेवायचं म्हटलं खरं, पण तेच होईना. जुनं सगळं लख्ख. पंचवीस वर्षांपूर्वी कोण कुठल्या थांब्यावर सुट्ट्या पैशांवरून भांडलं ते चेहऱ्यासकट आठवायचं. पण काल चढलेली निंभोऱ्याची नवी सून आज पुन्हा नवीनच. तिने रोज नाव सांगायचं आणि मी रोज "अगं बाई, हो का" म्हणायचं. मी हसून वेळ मारून न्यायची. मग एके दिवशी विठाबाई. तिला डोळ्यांनी दिसत नाही, रावेरला दवाखान्यासमोर उतरवायची होती. माझ्या डोक्यातून पार गेली. गाडी रावेरला जाऊन उलटी फिरली, ऐनपूरला आली, तरी ती माऊली पिशवी मांडीवर धरून बसलेली. मला म्हणते, "काय वं कोकिळा, आज रस्ता लांबला का?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्यातून नवा नियम आलेला. सत्तरीपुढे लोकांशी संबंधित काम करायचं तर दर वर्षी स्मृतिदाखला हवा. जळगावला चाचणी व्हायची. दाखला नाही तर गाडी नाही. आणि गाडी नाही तर पुणे! माझा भूषण टपूनच बसला होता. "आई, पुरे झालं आता, ये इकडे." चौदाव्या मजल्यावर त्याचं घर. पोरगा सोन्यासारखा आहे, सूनबाई गुणाची आहे, पण चौदाव्या मजल्यावर दिवसभर मी काय करू? लिफ्टमध्ये उभी राहून लोकांना मजले सांगू?

तेव्हा कोको आला, तो मला देवासारखा वाटला.

डॉक्टर शाल्मली देवस्थळी पुण्याच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेर, बारकी, बोलताना दोन्ही हात हलवणारी मुलगी. शाळेच्या पटांगणात तालुक्यातले म्हातारे गोळा केलेले. पहिलंच वाक्य, "आजी-आजोबांनो!" मी म्हटलं, "आजी घरी. इथे मावशी म्हण." ती हसली आणि तिथून पुढे मावशीच म्हणत गेली.

तिने जे समजावलं ते मला अजून पाठ आहे. मेंदूत खोल, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, बोटाएवढा एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. त्याच्या एका दातेरी कोपऱ्यात नव्या ओळखी पक्क्या होतात. आज भेटलेला माणूस कालच्यापेक्षा वेगळा, ही नोंद तिथे होते. वय झालं की नेमकं त्याच कोपऱ्यातलं रक्त कमी होतं. जुन्या आठवणी दुसरीकडे मुरलेल्या असतात, त्या शाबूत राहतात. नवं मात्र टिकत नाही.

मागून कोणीतरी बोललं, "म्हणजे ठिबकच्या शेवटच्या झाडासारखं. नळी तिथपर्यंत जाते, पाणी नाही जात."

"अगदी तसंच!" शाल्मलीने टाळी वाजवली. "आणि कोकोच्या कच्च्या बियांत फ्लेव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात. त्याने नळी सैलावते. शेवटच्या झाडाला पाणी मिळतं."

"मग आम्ही चॉकलेटच खातो की!" सुभानभाऊ म्हणाले.

"तीच तर गंमत आहे, काका. चॉकलेटसाठी बिया आंबवतात, भाजतात, कधी क्षारात घालतात. कडवटपणा जातो आणि त्याच्याबरोबर फ्लेव्हनॉलही जातात. आपण कोकणातल्या सुपारीच्या बागांत एक नवं वाण वाढवलंय. त्याच्या बिया आंबवायच्या नाहीत, भाजायच्या नाहीत. म्हणून हे कडू लागणार. पण कोपऱ्यात रक्त किती पोहोचतं ते आता बसल्या जागी मोजता येतं."

असं म्हणून तिने एक टोपी काढली, तारा लोंबणारी. ती डोक्यावर घातली की पडद्यावर रेघ दिसायची. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव टोपलं ठेवलं.

महिने गेले. बातम्या येऊ लागल्या. कोकणातल्या म्हाताऱ्यांची रेघ चढली. वर्ध्याकडच्यांची चढली. सत्तरीची माणसं पन्नाशीतल्यासारखी नवी नावं ध्यानात ठेवायला लागली. टीव्हीवर एक आजोबा नातवाच्या वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांची नावं घडाघडा म्हणून दाखवत होते. आणि आमच्या गाडीवर? शून्य! माझी रेघ आडवी ती आडवीच. सुभानभाऊंची तशीच. मी डोस कधी चुकवला नव्हता हो! इतका राग यायचा की त्या टोपल्याला लाथ घालावी.

दाखल्याची तारीख जवळ येत चालली, आणि एका सकाळी शाल्मली माझ्या दारात उभी. चेहरा उतरलेला.

"मावशी, खरं सांगा. तुमच्याकडचे लोक कोको ओतून देतात का?"

मी अशी खवळले! "ओतून? नाक दाबून पितो आम्ही! असली गोष्ट दारात उभी राहून बोलायची तर आल्या पावली परत जा!"

ती खाली बसली, ओट्यावरच. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "या कोकोच्या योजनेवर नेमलेली समिती हे सगळं बंद करायला निघालीय. ते म्हणतात, बाकी ठिकाणी कोकोने काही होत नाही, लोकांच्या आशेने होतंय. आपल्याला काहीतरी भारी औषध मिळतंय या भावनेने माणूस तरतरीत होतो. खरं औषध असतं तर रावेरलाही लागू पडलं असतं."

तिने नकाशा उघडून दाखवला. ज्या गावांत रेघ चढली ती हिरवी, नाही चढली ती लाल. म्हणाली, "मी पाणी तपासलं, माती तपासली, मीठसुद्धा तपासलं. याच तालुक्यात बाजूची गावं हिरवी आहेत. ही लालच का?"

मी चष्मा लावला. लाल ठिपके रावेरहून निघाले होते, निंभोऱ्यावरून वळले होते, सुकीपूरला टेकले होते आणि ऐनपूरला संपले होते.

"अगं, ही तर माझी गाडी!" मी ओरडले.

"म्हणजे?"

"माझ्या गाडीचा रस्ता आहे हा! थांब्याला थांबा जुळतोय बघ!"

ती ताडकन उठली. "गाडीत काय होतं, मावशी? काही वाटतात? काही फवारतात?"

"काय होणार? गप्पा होतात. तू आधी आत ये, चहा घे. नाहीतर थांब, माझ्या डोसाची वेळ झालीच आहे, शिकरणच करते, तूही खा."

आता आमच्याकडे पाहुण्याला उपाशी सोडत नाहीत, मग तो लबाडीचा आळ घेऊन का येईना. मी वाटी काढली, दोन केळी ताटलीत कापून कुस्करली, दूध, साखर, वेलची. आणि वरून कोकोची पुडी सोडून चमचा फिरवला.

शाल्मली दारात थिजून उभी होती.

"मावशी... हे रोज?"

"मग! कडू किती लागतं ते. पहिल्या आठवड्यातच मला सुचलं. शिकरणात घातलं की पत्ता लागत नाही." मला अभिमानच होता त्याचा. "गाडीत सगळ्यांना मीच सांगितलं. आता सगळे असंच घेतात."

"सगळे?"

"जो माझ्या गाडीत बसला तो प्रत्येक जण."

तिने डोकं धरलं. "अहो, आम्ही दर महिन्याला विचारत होतो ना, कोकोबरोबर काय खाता? चहा, दूध, फळं? तुमच्याकडच्या सगळ्यांनी लिहिलंय, काही नाही!"

"मग बरोबरच आहे. केळं म्हणजे काय खाणं आहे का?"

हसू नका. तुमच्याकडे केळं विकत आणत असतील, डझनाने मोजत असतील. आमच्याकडे ते असतं. मळ्यात असतं, ओट्यावर असतं, जाता-येता हाताला लागतं. पाणी पिता का असं कोणी विचारलं तर तुम्ही लिहाल का?

शाल्मलीने ताटलीतला केळ्याचा उरलेला तुकडा उचलला. कापलेली कड एव्हाना काळपट पडली होती. तिने तो माझ्या नाकासमोर धरला.

"हे काळं का पडतं, माहीत आहे? केळ्यात एक विकर असतं, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज. केळं कापलं की ते हवेच्या मदतीने केळ्यातल्याच द्रव्यांवर तुटून पडतं आणि रंग काळा होतो. कोकोतले फ्लेव्हनॉल त्याच घराण्यातले. वाटीत गाठ पडली की वाटीत, पोटात गाठ पडली की पोटात, हे विकर त्यांचा फडशा पाडतं. रक्तापर्यंत फारसं काही पोहोचतच नाही. जुनं संशोधन आहे हे, मला माहीत होतं. पण विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगायचं तुम्हाला!"

माझ्या हातातली वाटी खाली गेली. म्हणजे मी? मीच? गाडीभर म्हाताऱ्यांचा कोको मी केळ्याला खाऊ घातला? मी मटकन खाली बसले. "पोरी, मातीत घातलं गं मी तुझं सगळं."

आणि ही बया नाचायला लागली! खरंच सांगते, माझ्या स्वयंपाकघरात दोन्ही हात वर करून नाचली.

"मावशी, तुम्ही सोनं केलंत! समिती म्हणते ना, आशेने होतं? मग तुमच्या गाडीतल्यांना आशा कमी होती का?"

"आशा? अगं, माझ्याएवढी आशा कोणाला नव्हती!"

"तेच! आशा तीच, कोको तोच, पुडी तीच. केळं तेवढं जास्त. आणि रेघ आडवी! म्हणजे आशेने नाही होत, कोकोनेच होतं. लोकांना अंधारात ठेवून हे मुद्दाम करायला गेलो असतो तर कोणी परवानगी दिली नसती!"

मीही तिच्याबरोबर उठून उभी राहिले, कधी ते कळलं नाही. दोघी हसत होतो, दोघी रडत होतो. शेजारीण भिंतीवरून विचारत होती, "कोकिळाबाई, लॉटरी लागली काय?"

पण नकाशावर समिती गप्प बसणार नव्हती. पक्का पुरावा हवा. शाल्मलीने पुन्हा सगळ्यांना शाळेत बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. गाडीच्या रस्त्यावरच्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाने कोको नुसत्या पाण्यात घ्यायचा, अर्धा दिवस केळ्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याने शिकरणातच चालू ठेवायचा. तीन महिन्यांनी अदलाबदल. मध्ये सगळ्यांचं रक्त तपासून त्यात फ्लेव्हनॉल किती पोहोचले तेही मोजायचं, ते काही आशेने वाढत नाहीत. "कोणावर जबरदस्ती नाही. ज्याला नको त्याने आत्ताच सांगावं."

मी चिठ्ठी उचलली. शिकरण!

आणि दाखल्याची माझी तारीख त्या तीन महिन्यांच्या आतच येत होती.

शाल्मली माझ्याजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर पडा. मी कोणाला काही वाटू देणार नाही. तुमची नोकरी आहे."

मी पटांगणाकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. शिकरणाची चिठ्ठी आलेले तर पापणी न लवता. शिकरण मीच शिकवलं होतं ना त्यांना! मी निघाले असते तर पाठोपाठ सगळी रांग निघाली असती, आणि मग कसला पुरावा आणि कसलं काय. मला पुण्याचा तो चौदावा मजला दिसत होता. तरी मी मोठ्याने म्हणाले, "काय बघता रे सगळे? मला शिकरण आवडतं!"

घरी येऊन मात्र मी खूप रडले.

पुढच्या महिन्या-दीड महिन्यात जे बघितलं ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. सुभानभाऊंना पाण्याची चिठ्ठी आली होती. रोज सकाळी शिव्या घालत प्यायचे. आणि एक दिवस गाडीत कॉलेजच्या पोरी चढल्या तर भाऊ म्हणतात, "काय वं श्रावणी, काल तुह्या मैत्रिणीचा पेपर कसा गेला? तिचं नाव... थांब, सांगू नको... तन्वी!"

पोरी बघतच राहिल्या. मीही. भाऊंना स्वतःच्या धाकट्या नातसुनेचं नाव येत नव्हतं हो!

मग काय, रोजच सुरू झालं. कोण कुठे चढलं, कोणाच्या पिशवीत काय, कोणाची म्हैस व्यायली. भाऊ फुलून आले होते. गाडीच्या खिडकीतून बोट दाखवून म्हणायचे, "तो खड्डा काल नव्हता!" मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू. आणि त्याच क्षणी पोटात जळायचं. दोन्ही एकदम. माझ्या गाडीतली माणसं मला सांगायची सोडून त्यांना सांगायला लागली होती, आम्हाला तिथे उतरवा म्हणून.

एकदा ऐनपूरला गाडी रिकामी झाली तसे भाऊ माझ्याजवळ येऊन बसले.

"मॅडम, एक बोलू? तुमी पाण्यात घ्या. शिकरण मी खातो. माह्यं झालं काम. मले कुठी दाखला पाहिजे?"

"भाऊ!"

"कोणाले कळते?"

"काबं? का नाही कळणार मले?" मी ओरडलेच. "आख्ख्या नोकरीत आमदाराच्या मेव्हण्याले फुकट नाही बसू दिलं मी, अन् आता स्वतः फुकट बसू?"

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी गमछ्याने डोळे पुसले. मी त्यांना म्हटलं, "रडू नका, गाडी आपल्याले बघते." तेव्हा कुठे हसले.

जळगावच्या केंद्रात मी ठरल्या दिवशी गेले. डोक्यावर टोपलं, समोर पडदा. पडद्यावर माणसांची चित्रं यायची, प्रत्येक जण कुठे उतरणार ते यंत्र सांगायचं. बाजार, दवाखाना, शाळा, पूल. मग मध्येच बेरजा-वजाबाक्या. मग तेच चेहरे पुन्हा, कोण कुठे उतरला? सगळं माझ्याच धंद्यातलं, आणि मी चाचपडत होते. काही बरोबर आले, बरेच हुकले. एक टोपीवाला माणूस आला, मी म्हणाले, "पूल." यंत्र म्हणालं, "चूक. हे गृहस्थ बाजारात उतरले." मला क्षणभर वाटलं होतं की पूलच. पण कशाच्या जोरावर बोलणार? "असेल बाबा," मी म्हणाले, "तुझंच खरं."

दाखला मिळाला नाही. पुन्हा एकदा चाचणी देता येईल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडीवर बदलीची मुलगी आली. मी घराच्या ओट्यावर बसून गाडी जाताना बघितली. भूषणचा फोन आला, मोठ्या मायेने बोलला. मी म्हटलं, "चार-पाच महिने थांब. मग तू म्हणशील तिथे येते." तो म्हणाला, "आई, तू कशाची वाट बघतेस?" मी त्याला कोको, केळं, चिठ्ठी सगळं सांगितलं. त्याचा आवाजच बदलला. "म्हणजे तुला माहीत असून तू शिकरण खात राहिलीस?" म्हटलं, "हो." शेवटी म्हणाला, "थांबतो."

पहिले तीन महिने संपले आणि शाल्मलीचा फोन आला तो किंचाळतच. "मावशी! बघा, बघा!" फोनच्या पडद्यावर दोन जाड रेघा होत्या. पाणीवाल्यांची केळीच्या नव्या पानासारखी वर गेलेली, शिकरणवाल्यांची आडवी. मध्ये एवढी फट की त्यातून माझी गाडी गेली असती. "एकानेही दगा दिला नाही हो! समितीतले सगळ्यात खडूस गृहस्थ उभे राहून म्हणाले, हा पुरावा आहे! योजना बंद होत नाही, मावशी, देशभर जातेय! आणि पुडीवर पहिली ओळ काय असणार, सांगू? केळ्यासोबत घेऊ नये!"

मी म्हटलं, "ते ठीक आहे. आता माझी पाळी ना?"

"आता तुमची पाळी!"

दुसऱ्या दिवशी कोकोची पुडी पाण्यात सोडली आणि नाक न दाबता प्याले. कडू? विष! पण काय गोड लागलं म्हणून सांगू. लहान पोरासारखी रोज आरशात बघायची, काही दिसतंय का. दिसणार काय, कपाळ! पहिले काही आठवडे तर काहीच नाही. मी घाबरून गेले. मग एका सकाळी दळणाला गेले आणि गिरणीत नवीन आलेल्या बाईला सहज म्हणाले, "काय सुरेखा, कालचं दुखणं कसंय?" दोन पावलं पुढे गेले आणि पाय थांबले. सुरेखा! काल एकदाच तिने नाव सांगितलं होतं. गुडघा दुखतो म्हणाली होती, डावा. मी तिथेच पिठाच्या डब्यावर बसले. सुरेखा घाबरून पाणी आणायला धावली.

त्यानंतर मला आवरणं कठीण झालं. गावातल्या प्रत्येक नव्या सुनेला जाऊन तिचं नाव तिलाच सांगून आले. लोकांना वाटलं, बाईला काहीतरी झालं. झालंच होतं!

दुसरी चाचणी. भूषण सुट्टी काढून आला होता, पण मी त्याला घरीच ठेवलं. सुभानभाऊ तेवढे बरोबर आले आणि बाहेर बाकावर बसले. केंद्रातल्या चष्मेवाल्या बाईंनी टोपलं चढवलं, दार लावून घेतलं. चेहरे आले, बेरजा आल्या, चेहरे पुन्हा आले. बाजार. शाळा. दवाखाना. शाळा. माझं तोंड थांबतच नव्हतं. यंत्र विचारायच्या आधी उत्तर बाहेर येत होतं. मग एक बाई आली, हिरव्या साडीतली, नाकात मोठी नथ.

"दवाखाना," मी म्हणाले.

"चूक," यंत्र म्हणालं. "या बाई शाळेपाशी उतरल्या."

"नाही. दवाखाना."

"चूक. शाळा. पुढे जायचं का?"

"पुढे कशाला जायचं? आधी हे मिटव! शाळेपाशी उतरली ती पिवळ्या साडीतली, तिच्या कडेवर पोरगं होतं. हिच्या हातात औषधाची बाटली होती आणि ही दवाखान्यात उतरली!"

"पुढे जायचं का?"

मी उठून उभी राहिले. तारा ताणल्या, टोपलं वाकडं झालं. "ए, मला शिकवतोस? तुझ्यासारखी किती मशिनं आली आणि भंगारात गेली! माझ्या गाडीतली बाई मी चुकीच्या थांब्यावर उतरवणार नाही! बोलाव तुझ्या साहेबाला! कोण आहे रे तिकडे?"

चष्मेवाल्या बाई धावत आल्या. मला वाटलं, आता रागावणार. तर त्या हसत होत्या.

"मावशी, बसा. तुमचं बरोबर आहे. दवाखानाच."

"मग हा खोटं का बोलतोय?"

"मुद्दाम. एका प्रश्नाला तो खोटंच बोलतो. ज्याला नुसतं वाटत असतं, तो मान्य करून टाकतो. ज्याला आठवत असतं, तो ऐकत नाही." त्यांनी टोपलं हळूच उतरवलं. "तुमच्याइतकं मात्र आजवर कोणी ओरडलं नव्हतं. दाखला पक्का. सोमवारपासून गाडीवर जा."

टोपीवाला माणूस डोळ्यांसमोर आला. म्हणजे तेव्हाही पूलच होता! मी बाईंचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडले. मग पदराने तोंड पुसून बाहेर आले.

सुभानभाऊ बाकावरून उठून उभे होते, चेहरा पांढराफटक.

"काय झालं, मॅडम? रस्त्यापर्यंत आवाज येत होता. भांडल्या काय?"

"भांडले."

"अरे देवा! परीक्षा घेणाऱ्याशीच? काबं?"

"काबं म्हणजे?" मी म्हणाले. "मीच बरोबर होते!"